चर्चने विवाह रद्द ठरवला, तरी एवढ्यात लग्न करू नका

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझा विवाह धर्मप्रांताच्या न्यायालयाने रद्दबातल ठरवला, नवराही राजी होता. तीन वर्षं आम्ही वेगळे राहतो. आता माझं दुसरं लग्न ठरलंय, हॉलही घेतलाय. भाऊ म्हणतो, सरकारी कोर्टाचा हुकूम लागेल. पण बिशपच्या निकालाला रोमन बादशहांपासून राजमान्यता आहे, असं मी वाचलंय. मग पुन्हा कोर्ट कशाला?

उत्तर : ताई, भावाचं ऐका. हॉलचे पैसे बुडाले तरी चालतील. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय की चर्चच्या न्यायालयाने विवाह रद्द केला, तरी कायद्याने तो मोडत नाही. म्हणजे आज तुम्ही विवाहितच आहात. दुसरं लग्न केलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तुम्ही वाचलंत ते खरं, पण अर्धं. भावाभावांचे तंटे परक्या न्यायाधीशापुढे नेऊ नका, असं संत पौलाने करिंथकरांना बजावलं होतं, म्हणून ख्रिस्ती माणसं बिशपकडे जात. पुढे ३३३ मध्ये बादशहा कॉन्स्टंटाईनने कळवलं की एका पक्षाने मागितलं तरी दावा बिशपकडे जावा, दुसऱ्याची हरकत असली तरी. निकालावर अपील नाही आणि अंमलबजावणी सरकारी अधिकाऱ्यांनी करायची. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन तर जेवणवेळेपर्यंत, कधी दिवसभर उपाशीपोटी असे दावे ऐकत बसत, हे त्यांचा शिष्य पॉसिडियस याने लिहून ठेवलंय.

पण हा अधिकार राज्याने दिला होता, आणि राज्यानेच काढून घेतला. ३९८ मध्ये दोन्ही पक्षांची संमती लागू लागली. ४५२ मध्ये पश्चिमेचा बादशहा तिसरा व्हॅलेंटिनियन याने स्पष्टच केलं की बिशपांना कायद्याने न्यायालय नाही, दोघं राजी असतील तर लवाद म्हणून त्यांनी ऐकावं.

शिवाय घटस्फोट कॉन्स्टंटाईनने बिशपांवर सोडलाच नव्हता. ३३१ च्या त्याच्या कायद्याप्रमाणे नवरा खुनी, विषप्रयोग करणारा किंवा थडगी फोडणारा असेल, तरच बायकोला दंडाशिवाय त्याला सोडता येई. तुमच्यासाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो. चर्चचा निकाल तुमच्या श्रद्धेपुरता पक्का आहे, त्याचा मान मीही ठेवते. लग्न कायद्याने सुटतं ते मात्र सरकारी कोर्टात.

नवरा राजी आहे, ही जमेची बाजू. घटस्फोट कायदा, १८६९ च्या कलम १०अ खाली दोघांनी मिळून परस्पर संमतीचा अर्ज करा. दोन वर्षं वेगळं राहण्याची अट तुमची पूर्ण झालीय. अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टापुढे यायचं, मग हुकूमनामा. अपिलाची मुदत संपेपर्यंत मात्र थांबा. विवाह रद्द करून मागण्याचा वेगळा दावा लावू नका, कारण त्याची कायद्यातली कारणं मोजकी आहेत आणि चर्चने दिलेलं कारण त्यात बसेलच असं नाही.

चर्चच्या नोंदवहीतला विवाहाचा उतारा आणि वेगळ्या राहण्याचे पुरावे घेऊन वकिलाकडे जा. नव्या घरच्यांना आणि फादरना तारीख पुढे गेल्याचं आजच सांगा.