एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलची लीग) फारसा माहीत नसलेला खेळाडू एका आठवड्यात चमकला, तर फँटसी संघात (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळणारा आपला काल्पनिक संघ) लगेच घ्यावा का?

घ्या, पण नुसते यार्ड (चेंडू घेऊन कापलेलं अंतर) बघून नको. चेंडू किती वेळा त्याच्या हातात दिला ते बघा. अर्थात त्यातही खात्री नाही! १६ नोव्हेंबर २०१४ ला न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) जोनास ग्रेने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध ३७ वेळा चेंडू घेऊन धावत २०१ यार्ड आणि ४ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणं) केले. त्याआधी एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही टचडाउन नव्हता. पुढच्याच शुक्रवारी पठ्ठ्या झोपून राहिला, सरावाला उशिरा पोचला. डेट्रॉइट लायन्सविरुद्ध प्रशिक्षक बिल बेलिचिकने त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. वर लगॅरेट ब्लाउंट हा दुसरा रनिंग बॅक संघात परत आलेला. बेलिचिकच्या संघातले रनिंग बॅक घ्यायला मी तरी कचरायचो.