सांगलीत परसातल्या पेरूवर बुलबुलाचं घरटं आहे आणि घरात दोन मांजरं. घरटं उंचावर हलवू का?

हलवू नका. जागा बदलली की बुलबुल बहुतेक वेळा अंडी सोडून देतो. खोडालाच अडवा: गुळगुळीत पत्र्याचा २ फुटी पट्टा असा गुंडाळा की वरची कड जमिनीपासून ६-७ फुटांवर येईल. खाली लावला तर मांजर उडी मारून पट्ट्याच्या वर पोचतं. खिळे नकोत, तारेने बांधा. भिंत किंवा पाण्याची टाकी फांदीला लागून असेल तर मात्र पत्रा फुकट गेला. तिथलं टोक छाटा, घरट्यावरची सावली सोडून.

अंडी उबायला साधारण २ आठवडे, पिल्लं घरट्यात आणखी १२ दिवसांच्या आसपास. खरा घोळ त्यानंतर. नीट उडता येण्याआधीच पिल्लं खाली उतरतात. तेवढे ४-५ दिवस मांजरं घरातच कोंडा. घुंगरावर विसंबू नका, पिल्लाला त्याचा अर्थ कळत नाही. खाली दिसलेलं पिल्लू उचलून जवळच्या दाट झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हा गैरसमज. मांजराचा दात लागला असेल तर जखम कितीही बारीक असो, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पिल्लू एक-दोन दिवसांत दगावतं.