सांगलीत पुरापासून लांब, नव्या अपार्टमेंटमध्ये आई-वडिलांसाठी फ्लॅट घ्यावा का?

तुम्ही पुण्यात आहात, आई-वडील नदीकाठच्या गावभागातल्या जुन्या घरात राहतात आणि त्यांच्यासाठी विश्रामबागच्या पुढं किंवा धामणी रोडला नवीन फ्लॅट बघताय. तिथं राहणाऱ्यांना कसं वाटतं, हा तुमचा प्रश्न. मी याच पट्ट्यातल्या एका अपार्टमेंटमध्ये कुटुंबासह राहतो. माझं मत असं की फ्लॅट जरूर घ्या, फक्त आतल्या खोल्या बघण्याआधी ती इमारत कोण चालवतं ते बघा.

आमच्याकडं बहुतेकजण पुरामुळं आलेत. २००५ चा पूर लोकांनी एकदाचा म्हणून सोसला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), आणि २०२१ ला पुन्हा घरं रिकामी करायची वेळ आली. तिसऱ्यांदा धान्याचे डबे माळ्यावर चढवायची ताकद म्हाताऱ्या माणसांत राहत नाही. त्यामुळं पाऊस सुरू झाला की पुलाजवळची पातळी विचारत बसावं लागत नाही, रात्री झोप लागते, हे इथल्या प्रत्येक घरात पहिलं ऐकायला मिळेल. आणि ते खरं आहे.

२०१९ ला आमच्या इमारतीत एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन कुटुंबं होती. कुणाचे मामा, कुणाची मुलीकडची माणसं. पार्किंगमध्ये पुरातून काढलेल्या गाद्या, शिलाई मशीन, देव्हारा, ओल्या वह्या. जिन्यात चपलांचा ढीग. नळाला पाणी नव्हतं, कारण गावाला पाणी देणारे पंपच पाण्यात गेले होते. बोअरवर सगळं भागवलं. भाकरी एका घरात, आमटी दुसऱ्या घरात. त्याआधी लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं त्या आठवड्यापासून एकमेकांकडं चहाला जायला लागली. शेजार नसतो म्हणून फ्लॅटला नावं ठेवणाऱ्यांशी माझं यावर जमत नाही.

आता त्रास सांगतो. हा सगळा भाग परवा-परवापर्यंत उसाचा, काळ्या जमिनीचा. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया नीट घेतला नसेल तर कंपाऊंडची भिंत आणि पार्किंगची फरशी सगळ्यात आधी बोलायला लागते. आतला रस्ता डांबरी नसेल तर जुलैत दुचाकी घसरते. आमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं आहे, गिझरची कॉइल आणि नळाच्या जाळ्या पांढऱ्या होतात. ड्रेनेजची लाइन सगळीकडं पोचलेली नाही. जिथं सेप्टिक टँक आहे तिथं तो उपसायचा खर्च वाटून घ्यावा लागतो. विकताना यातलं कुणी काही सांगत नाही.

खरी डोकेदुखी ताबा मिळाल्यानंतरची. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत रहिवाशांची संस्था स्थापन करायला बिल्डरनं मदत केली पाहिजे, असं रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा सांगतो. आमच्याकडं ते वर्षानुवर्षं लांबलं. तोवर लिफ्टचा करार बिल्डरच्या नावावर, लाइटबिल एकाच्या खिशातून, आणि मंजूर नकाशा कुणाकडंच नाही. त्यात काही फ्लॅट कायम कुलूपबंद, मालक पुण्याला किंवा परदेशात. लिफ्टची मोटर जळाली तेव्हा बंद फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, ‘आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे?’ वरच्या मजल्यावरच्या काकू गुडघ्याच्या दुखण्यानं तेवढे दिवस घरातच अडकल्या. तुम्हीही पुण्याहून मालक होणार, म्हणून मुद्दाम लिहितोय: मेंटेनन्स दर महिन्याला आपोआप जाईल अशी सोय पहिल्या दिवशी करा.

कागदांत एक गोष्ट नीट समजून घ्या. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा ८ फ्लॅटपर्यंतची इमारत असेल तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. आणि आपल्या सांगलीत अशा छोट्या इमारती पुष्कळ. म्हणजे महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर काहीच सापडणार नाही, सगळं स्वतः तपासावं लागेल. प्लॉट एन.ए. (बिगरशेती) आहे की गुंठेवारीतला (शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले तुकडे), बांधकाम परवाना, आणि सगळ्यात महत्त्वाचा भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं प्रमाणपत्र. ‘दाखला काय, महिन्याभरात येतो’ असं म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो. गळती दिसली की लेखी कळवा, फोनवर सांगितलेलं कुठंच राहत नाही. आणि पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. ‘उपनगर’ म्हटलं की उंचावरच असतं असं नाही. शामरावनगरला नुसत्या पावसाचंही पाणी साचतं.

आई-वडिलांना करमेल का? वडिलांना करमेल, संध्याकाळी खाली चार माणसं भेटतात. आईंचं जरा अवघड. माझ्या आईला गणपती मंदिर चालत जायच्या अंतरावर होतं, भाजी दारात यायची. आता दोन्हीला रिक्षा लागते, आणि रिक्षासाठी कुणाला तरी सांगावं लागतं, हे तिला जास्त लागतं. म्हणून शेवटच्या गल्लीतला मोठा फ्लॅट घेण्यापेक्षा सांगली-मिरज रस्त्यापासून चालत जाता येईल असा लहान घ्या, सिटी बस तिथूनच जाते. मजला पहिला किंवा दुसरा, लिफ्ट बंद पडली तरी चढता येईल असा.

बघायला येणार असाल तर दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर या. त्याच बिल्डरची चार-पाच वर्षं जुनी इमारत शोधा, रविवारी सकाळी तिथं जा आणि खाली गाडी पुसणाऱ्या कुणालाही विचारा, सोसायटी झाली का, लिफ्टचं बिल कोण भरतं. आईंना सोबत आणा, आमच्याकडंही चहाला या.