बांगडी गोल राहिली पाहिजे

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतच्या तीन फाइली परवा मिळाल्या. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरील बांगडी मोराचे, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेल्या मोराचे, छायाचित्र समोर ठेवून तू चादरीसाठी नमुना रेखाटला आहेस आणि ‘फोटोशॉप मला येते, आता कापडाचे कोणते सॉफ्टवेअर शिकू?’ असे विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे, परंतु ते पत्राच्या शेवटाकडे येईल. कारण तुझी फाइल उघडल्यावर ज्या अडचणी दिसल्या, त्या सॉफ्टवेअर बदलून सुटणाऱ्या नाहीत.

रेखाटन चांगले आहे. मोराच्या मानेचा बाक तुला नेमका साधला आहे आणि बांगडीची जाडीही सर्वत्र सारखी आहे. मात्र तू ‘सहा रंगांचा नमुना’ असे लिहिले आहेस आणि मी फाइलमधील रंग मोजले तेव्हा संख्या हजारांच्या घरात गेली. याचे कारण असे, की तू ब्रशने काम केलेस आणि ब्रश प्रत्येक कड मऊ दिसावी म्हणून दोन रंगांच्या मध्ये कित्येक पुसट छटा भरतो. पुढे तू फाइल जेपीईजीमध्ये जतन केलीस, त्यामुळे सपाट भागांतही बारीक कचरा शिरला. छापाईच्या कामात हे काही प्रमाणात खपून जाते. विणकामात अजिबात खपत नाही. पडद्यावर पिक्सेल हा रंगाचा ठिपका असतो, परंतु मागावर तोच पिक्सेल म्हणजे एक ताणा (उभा धागा) आणि एक बाणा (आडवा धागा) एकमेकांना ओलांडतात ती जागा असते. तिथे ताणा वर राहायचा की बाणा, एवढाच प्रश्न मागाला कळतो. ‘थोडासा पुसट हिरवा’ असे उत्तर त्याला देता येत नाही.

फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास जे यंत्र सिद्ध केले, त्यात हाच प्रश्न पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर विचारलेला होता. प्रत्येक बाण्यासाठी एक पत्ता असे आणि भोक असेल तिथला हुक उचलला जाऊन त्याचा ताणा वर जाई. आम्ही ग्राफच्या कागदावर चौकोन भरत असू, त्यावरून पत्ते पाडले जात आणि मग ते ओवून त्यांची माळ मागावर चढवली जाई. आज मागावरचे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड यंत्र तीच माहिती फाइलमधून वाचते. (ग्राफच्या कागदाबद्दल हळहळणारी माणसे तुला भेटतील. मी त्यांच्यातला नाही. त्या कागदाने माझे डोळे खाल्ले आणि एक रांग चुकली की आठवडा खाल्ला.)

आता बांगडीकडे येतो. तू ती ४८० पिक्सेल रुंद आणि ४८० पिक्सेल उंच काढली आहेस आणि पडद्यावर ती अगदी वाटोळी दिसते. तू ज्या मागाचा उल्लेख केला आहेस त्यावर ४८० हुक आहेत, इंचाला ४८ ताणे आणि ३६ बाणे पडतात. म्हणजे तुझी बांगडी कापडावर ४८० भागिले ४८, अर्थात १० इंच रुंद होईल आणि ४८० भागिले ३६, अर्थात १३ इंचांहून थोडी अधिक उंच होईल. ती बांगडी राहणार नाही, अंडे होईल. मी हे अधिकाराने सांगतो आहे, कारण संगणकावर केलेल्या माझ्या पहिल्याच नमुन्यातील रथाचे चाक असेच लांबट निघाले होते आणि मागावर उभ्या असलेल्या जॉबरने (माग लावून देणाऱ्या मुकादमाने) ते पाहून, ‘साहेब, हा रथ चढावर चालला आहे काय?’ असे विचारले होते. दहा इंचांची गोल बांगडी हवी असेल तर तुझी फाइल ४८० रुंद आणि ३६० उंच असली पाहिजे. विणकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताणा-बाण्याचे प्रमाण भरण्याची सोय असते; ते भरले की चौकोन आडवे-उभे योग्य मापात दिसतात आणि आकार डोळ्यांना खरा दिसू लागतो. साध्या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ३६० उंचीची बांगडी तुला चपटी दिसेल आणि ती चपटी दिसणे हेच बरोबर असेल.

यात आणखी एक मेख आहे. मागावर ताणलेले कापड उतरल्यावर आणि धुतल्यावर आटते, म्हणून ४८ आणि ३६ हे आकडे मागावरचे आहेत की तयार चादरीचे, हे विचारून घ्यावे लागते. कारखान्यात ज्याला त्याला आपापला आकडा पाठ असतो आणि दोघेही खरेच बोलत असतात.

याच ठिकाणी हुकांची बांधणी, म्हणजे कोणत्या हुकाला कोणते ताणे जोडले आहेत, तेही विचार. सरळ बांधणी असेल तर तुझा दहा इंचांचा नमुना ६० इंच पन्ह्यात सहा वेळा शेजारी शेजारी येईल. उलट-सुलट, म्हणजे आरशासारखी बांधणी असेल, तर तेवढ्याच हुकांत जवळजवळ वीस इंचांची आकृती मिळते, पण तिचा उजवा अर्धा भाग हा डाव्याचे प्रतिबिंब असतो. तुझा मोर डावीकडे पाहतो आहे. अशा मागावर तो पाठीला पाठ लावून दोनदा उमटेल आणि मध्यरेषा शेपटीतून गेली तर शेपूट एक आणि माना दोन, असा पक्षी तयार होईल.

पैठणीवरून थेट चादरीवर येताना सर्वांत मोठी गफलत रंगांची होते आणि इथे मी थोडा थांबणार आहे. पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या आकारापुरताच जातो आणि तिथूनच परत फिरतो. विणकर त्यासाठी लहान लहान कांड्या हाताने फिरवतो. म्हणून एकाच ओळीत मोराचा निळा, चोचीचा लाल आणि पानाचा हिरवा सुखाने नांदतात, आणि मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. तुझ्या चादरीच्या मागावर बाणा एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत जातो. त्याला मध्येच परत फिरता येत नाही. जिथे तो नको आहे तिथे त्याला कापडाच्या मागे लपवावे लागते आणि प्रत्येक वाढीव रंगाबरोबर लपवायचा धागा, वजन आणि खर्च वाढतो. सहा रंग तू पैठणीकडून घेतलेस, पण ते रंग ज्या विणीमुळे शक्य होतात ती वीण घेतली नाहीस.

म्हणून माझी सूचना अशी, की पहिला नमुना तू पांढरा ताणा आणि एकच गडद बाणा, समज मरून (गडद तांबडा) रंगाचा, एवढ्यावरच कर. हे ऐकून तुझा हिरमोड होईल, याची मला कल्पना आहे. परंतु दोन रंगांत किती छटा दडलेल्या असतात हे एकदा कळले, की पुढे तिसरा रंग मागताना तू दहा वेळा विचार करशील. आठ धाग्यांची साटीन, म्हणजे दर आठ धाग्यांत एकदाच गुंतणारी वीण, घे. त्यात बाणा आठपैकी एका ठिकाणी वर आणला तर कापड जवळजवळ पांढरे दिसते, सात ठिकाणी वर आणला तर जवळजवळ मरून दिसते, आणि मधल्या पायऱ्या धरून एकूण सात छटा मिळतात. मोराच्या पिसाऱ्यातील उठाव तू संगणकावर शेकडो छटांनी दाखवला आहेस; तोच सात पायऱ्यांत बसव. हे काम सॉफ्टवेअर एका आज्ञेत करून देते, पण दोन छटांमधली सीमा कुठे पडावी हे त्याला समजत नाही, त्यामुळे डोळा आणि चोच यांच्याभोवती हातानेच चौकोन भरावे लागतात.

साटीनच्या बाबतीत दोन गोष्टी वहीत लिहून ठेव. आठच्या साटीनमध्ये पुढचा ठिपका, म्हणजे धागा गुंतण्याची जागा, तीन किंवा पाच घरे सरकवून देतात, पाचच्या साटीनमध्ये दोन किंवा तीन. सहा धाग्यांवर नियमित साटीन होतच नाही, कारण एक आणि पाच वगळता सहाशी सामाईक विभाजक नसलेली दुसरी संख्या त्यात नाही, आणि त्या दोहोंनी ट्विलसारखी तिरकी रेघ पडते. दुसरे असे, की नमुन्याची रुंदी आणि उंची या दोहोंना विणीच्या संख्येने निःशेष भाग गेला पाहिजे. ४८० आणि ३६० या दोन्ही आकड्यांना आठने भाग जातो, म्हणून आपण निश्चिंत आहोत. तुझ्या तिसऱ्या फाइलची उंची ३५४ आहे. ३५४ला आठने भाग जात नाही, त्यामुळे दर ३५४ बाण्यांनी वीण तुटेल आणि चादरीवर आडवी रेघ दिसेल, जी पडद्यावर तुला कधीच दिसली नसती.

आता लांब सुटणाऱ्या धाग्यांविषयी. इंचाला ३६ बाणे असताना एखादा ताणा १८ बाण्यांवरून न गुंतता गेला, तर तो अर्धा इंच मोकळा राहतो. त्यात हातातली बांगडी अडकते, लहान मुलांची बोटे अडकतात आणि दोन-तीन धुण्यांत तो धागा निघून येतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असे मोकळे धागे शोधण्याची सोय असते, परंतु किती लांबीपुढचे शोधायचे हा आकडा तू द्यायचा असतो. आठच्या साटीनमध्ये सात घरांचा मोकळा धागा गृहीतच असतो. धोका असतो तो दोन विणींच्या सीमेवर, जिथे इकडचे सात आणि तिकडचे सात एकत्र येऊन चौदा होतात. बांगडीची आतली कड तपास. मी पाहिले तेव्हा तिथे अशा बऱ्याच जागा होत्या. प्रत्येक जागी एक ठिपका देऊन धागा बांधून घे. त्यासाठी आकाराची कड एखादे घर इकडे-तिकडे सरकली तरी चालेल.

तू पाठवलेले, पलंगावर अंथरलेल्या चादरीचे संगणकीय चित्र सुंदर आहे. ते गिऱ्हाइकाला पाठवू नकोस. त्या चित्रात सूत सर्वत्र एकसारखे आहे, ताण एकसारखा आहे आणि पांढरा खरोखर पांढरा आहे. रंग पडद्यावरून निवडण्याऐवजी सुताच्या शेड कार्डवरून (रंगीत सुताचे तुकडे लावलेल्या कार्डवरून) निवड आणि पाव मीटर तरी नमुना मागावर काढून घे.

आता तुझा मूळ प्रश्न. जर्मनीतील ईएटी, स्लोव्हेनियातील अराहवीव्ह, नेडग्राफिक्स, आपल्या मुंबईचे टेक्स्ट्रॉनिक्स अशी विणकामाची अनेक सॉफ्टवेअर कारखान्यांतून वापरली जातात. ती स्वतःच्या पैशाने विकत घेण्याच्या फंदात तू पडू नकोस आणि चोरलेली प्रतही घेऊ नकोस. नोकरीवर जे असेल त्याची बटणे तू दोन-तीन आठवड्यांत शिकशील. तोपर्यंत गिंप घे, ते फुकट आहे. त्यात चित्र इंडेक्स्ड पद्धतीत ठेव, म्हणजे ठरवलेल्या रंगांबाहेरचा रंग शिरणार नाही. ब्रशऐवजी पेन्सिल वापर. आकार लहान-मोठा करताना मधल्या छटा भरण्याची सोय बंद ठेव. आणि पीएनजी किंवा बीएमपीमध्येच जतन कर. नमुन्याचे सांधे पाहण्यासाठी क्रिता हे दुसरे फुकट सॉफ्टवेअर उपयोगी आहे, कारण त्यात चित्र चारही दिशांना पुन्हा पुन्हा उमटताना दिसते आणि त्याच अवस्थेत रेखाटताही येते. यानंतर डिजिबुनाई पाहा. केंद्र सरकारच्या डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने ते हातमागासाठी तयार केले आहे. त्यात वीण भरणे आणि ग्राफ काढणे या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष करून पाहता येतात.

फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरी’ अशी नावे देणे बंद कर. नावातच हुक, ताणे, बाणे आणि तारीख लिही. सहा महिन्यांनी तोच नमुना दुसऱ्या मागावर चढवायची वेळ आली की कारखानदार तुला हेच विचारेल.

पुढच्या महिन्यात सोलापूरला येशील तेव्हा ४८० बाय ३६०ची, दोनच रंगांची दुरुस्त फाइल घेऊन ये. एक पीक ग्लासही, म्हणजे कापडातले धागे मोजायचे भिंग, विकत घे आणि येण्यापूर्वी घरातील जुन्या चादरीवर ते ठेवून एका इंचात किती ताणे आणि किती बाणे आहेत ते तीन वेगवेगळ्या जागी मोजून वहीत लिहून आण. सकाळी लवकर आलीस तर पाळी बदलण्याआधी आपल्याला जॉबरशी निवांत बोलता येईल; तुझ्या मागाची बांधणी सरळ आहे की उलट-सुलट, हे तोच सांगेल.

तुझे सर