चष्मा सोडवायला 92 हजार: या महिन्यात की पुढच्या वर्षी?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक 27 वर्षांच्या, मूळ नाशिकच्या, नोकरी हिंजवडीत. दोन्ही डोळ्यांना मायनस 4.75 नंबर, सव्वा वर्षापूर्वी तो 4.25 होता. चष्मा सातवीपासून, कॉन्टॅक्ट लेन्स कॉलेजपासून. हातात पगार 48,000. पीजी, मेस, पेट्रोल धरून खर्च 27,000, घरी 5,000, एसआयपी 4,000. बचत खात्यात 70,000. पुण्यातल्या एका लेझर सेंटरने ब्लेडच्या लॅसिकचे (लेझरने चष्म्याचा नंबर घालवायच्या ऑपरेशनचे) 48,000 आणि सर्वांत नव्या पद्धतीचे 92,000 सांगितलेत. नवी पद्धत घेतली तर 12 महिन्यांचा 'नो कॉस्ट' ईएमआय, पण नाव या महिनाअखेरीपर्यंत नोंदवायचं. स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि 'त्याआधी चष्मा जायला हवा' म्हणून आई स्वतःची दोन लाखांची एफडी मोडायला तयार आहेत. प्रश्न एवढाच: करू का?

नमस्कार.

सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी तुम्हाला 'एकदाच खर्च, मग आयुष्यभर बचत' असं सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. सुरुवात तिथूनच करू, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांपुढे हे वाक्य टिकत नाही.

लेन्स आणि सोल्युशनला वर्षाला 9,600, दोन वर्षांनी एकदा 5,000चा चष्मा म्हणजे वर्षाला 2,500, थेंबांचे 600. मिळून 12,700. ऑपरेशननंतरही वर्षातून एकदा तपासणी आणि अधूनमधून थेंब लागतील, त्यांचे 1,700 धरू. राहिली बचत वर्षाला 11,000. ऑपरेशनचे 92,000, तपासण्यांचे 3,500 आणि औषधांचे 2,500 मिळून खर्च 98,000. एफडीचं व्याज सात टक्के धरलं, तर हे पैसे भरून निघायला साडेचौदा वर्षं लागतात. लेन्सचा खर्च दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल असं मानलं, तरी दहा वर्षांच्या पुढेच. म्हणजे तुम्ही 37 ते 41 वर्षांच्या असाल तेव्हा.

आणि हा हिशोब लेन्सशी तुलना करून. तुम्ही नुसता चष्माच वापरत असता, तर पैसे कधीच वसूल झाले नसते. 98,000च्या एफडीवर सात टक्क्यांनी वर्षाला 6,860 रुपये व्याज येतं. तेवढ्यात दरवर्षी नवा चष्मा घेऊनही पैसे उरतात. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्याच्या काचांवरचा आणि कॉन्टॅक्ट लेन्सवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे.

वय 41 मी मुद्दाम लिहिलं. जवळचं वाचायला लागणाऱ्या चष्म्याला आपल्या भाषेत 'चाळिशी' म्हणतात ते उगाच नाही. वयानुसार डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, आणि लेझर काम करतो तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर. त्यामुळे लेझर केलेल्यांनाही चाळिशी लागतेच. उलट आज तुम्ही चष्मा काढून वीस-एकवीस सेंटिमीटरवरचं बारीक अक्षर वाचू शकता, सुईत दोरा ओवू शकता. ऑपरेशननंतर, चाळिशी ओलांडल्यावर, ती सोय राहणार नाही. हे तुम्हाला सेंटरमध्ये कोणी सांगितल्याचं पत्रात दिसलं नाही, म्हणून सविस्तर लिहिलं.

मग करूच नये का? माझं मत तसं नाही. बचत म्हणून हा खर्च पटत नाही, पण सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी केलेला खर्च म्हणून तो योग्य ठरू शकतो. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली: 'शुक्रवारी रात्री नाशिकच्या गाडीत बहुतेक वेळा लेन्स घालूनच झोपते.' कृपा करून हे आजपासून बंद करा. लेन्स घालून झोपलं की कॉर्नियाला मिळणारा ऑक्सिजन कमी होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी वाढतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुणं, लेन्स घालून पोहणं हेही तितकंच वाईट. कॉर्नियावर जखम होऊन पांढरा डाग राहिला, तर कायमची नजर जाऊ शकते. लेन्स शिस्तीने वापरणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी 'लेझर धोक्याचं, लेन्स सुरक्षित' हे समीकरण खरं नाही. ऑपरेशनच्या बाजूने तुमच्याकडे असलेलं सर्वांत भक्कम कारण हेच आहे. तोपर्यंत गाडीत बसण्याआधी लेन्स काढून चष्मा लावायचा. यात पैशाचा प्रश्नच नाही.

आता तुमच्या पत्रातला दुसरा आकडा, जो तुम्ही जाता जाता लिहिलात: सव्वा वर्षात 4.25 वरून 4.75. नंबर साधारण वर्षभर स्थिर असल्याशिवाय नेत्रतज्ज्ञ लेझर करत नाहीत. आज ऑपरेशन झालं आणि नंबर पुढेही वाढत राहिला, तर 92 हजार खर्चून पुन्हा चष्मा. शिवाय सत्ताविसाव्या वर्षीही नंबर सरकतोय म्हटल्यावर केराटोकोनस नाही ना, हे आधी पाहावं लागतं. त्या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर तो आणखी बिघडतो. तुम्हाला तो असेल असं मी अजिबात म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण ही तपासणी झाल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

पैशाच्या भाषेत सांगायचं तर कॉर्निया हे मुद्दल आहे. त्याची जाडी सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर. एक नंबर घालवायला ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन काढावे लागतात. तुमच्या नंबरासाठी साठ-सत्तर. काढलेला भाग पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे कोणती पद्धत घ्यायची ते दरपत्रक बघून ठरवायचं नसतं. कॉर्नियाचा वरचा पापुद्रा ब्लेडने उचलायचा, लेझरने उचलायचा, की पापुद्रा न करता बारीक चिरेतून आतली चकती काढून घ्यायची, हे कॉर्नियाची जाडी, आकार आणि डोळ्यांचा कोरडेपणा बघून ठरतं. मध्यम नंबरासाठी या पद्धतींनी शेवटी मिळणारी नजर जवळपास सारखीच असते. फरक असतो तो बरं होण्याचा वेग, कोरडेपणा आणि पापुद्र्याची जोखीम यांत. 92 हजारांची पद्धत 48 हजारांच्या दुप्पट चांगली, असा हिशोब इथे लागू होत नाही. तुम्ही दिवसभर एसीत स्क्रीनपुढे बसता आणि आत्ताच थेंब वापरता, म्हणून कोरडेपणाचा प्रश्न नीट विचारा. रात्री स्कूटरवरून परतता, तर दिव्यांभोवती दिसणाऱ्या वलयांबद्दलही विचारा. बहुतेकांची ती काही महिन्यांत कमी होतात, काहींची राहतात.

तर माझा सल्ला: तपासणी आत्ता, ऑपरेशन वर्षभराने.

तपासणी शक्यतो अशा नेत्रतज्ज्ञांकडे करा, जे स्वतः लेझर करत नाहीत. सेंटरची 'मोफत तपासणी' नको. माझ्या एका अशिलाने असंच एका ठिकाणी दहा हजार आगाऊ भरले, मग तपासणीत कॉर्निया पातळ निघाला. ते पैसे परत मिळवायला त्याला पाच महिने खेटे घालावे लागले. कॉर्नियाचा नकाशा, जाडी, अश्रूंची चाचणी आणि बाहुली मोठी करून डोळ्यातल्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी, एवढं होऊ द्या. आधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतील, नाहीतर मापं चुकतात. नक्की किती दिवस ते डॉक्टरच सांगतील. वर्षाने हेच पुन्हा करायचं. दोन नकाशे शेजारी ठेवले की नंबर आणि कॉर्निया दोन्ही थांबलेत का, ते डॉक्टरांना स्पष्ट दिसतं.

आणि हेच वर्ष पैशालाही हवं आहे. तुमचा घरखर्च आणि घरी पाठवायचे पैसे धरून महिन्याला 32,000 लागतात. तीन महिन्यांचे 96,000 हाताशी हवेत आणि आज आहेत 70,000. त्यांना हात लावायचा नाही. महिन्याला तुमच्याकडे 12,000 उरतात. त्यातले 7,700 एका वर्षाच्या आरडीत आणि 4,300 बचत खात्यात टाका. सहा महिन्यांत तीन महिन्यांचा निधी जवळपास पूर्ण होतो. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेर आरडीचे साडेपंच्याण्णव हजारांच्या आसपास मिळतात. ऑपरेशन आणि औषधं त्यात बसतात, एसआयपीही थांबवावी लागत नाही.

ईएमआयही महिन्याला 7,667च येतो, मग तोच का नको? कारण आरडी भरताना मध्येच नंबर वाढला, नोकरी गेली किंवा डॉक्टरांनी 'नको' म्हटलं, तर पैसे तुमचे तुमच्याकडे राहतात. ईएमआय एकदा सुरू झाला की तो कशानेच थांबत नाही. शिवाय 'नो कॉस्ट' हा शब्द मला मान्य नाही. शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वात नाही, व्याज बहुधा प्रोसेसिंग फीमध्ये लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं. रोख भरले तर किती कमी कराल, असं सेंटरला विचारा. जो आकडा कमी होईल तेच व्याज.

विम्याकडून फारशी अपेक्षा नको. आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकीत 7.5 पेक्षा कमी नंबराची नजर सुधारण्याचा खर्च बाहेर ठेवलेला असतो आणि तुमचा 4.75 आहे. कंपनीच्या समूह विम्यात कधी अट वेगळी असते, म्हणून एचआरला मेलवर एकदा विचारून घ्या.

आता आईंबद्दल. दोन लाखांची एफडी त्यांची म्हातारपणची ऊब आहे. मुदतीआधी मोडली तर व्याजात कपात होईल, पण मला त्याहून मोठं नुकसान वेगळंच दिसतं. मुलीचा चष्मा ही दुरुस्त करून द्यायची त्रुटी आहे, असं त्या माऊलीला वाटायला लावलं गेलंय. त्यांना माझ्या वतीने सांगा, की घाईने केलेलं ऑपरेशन स्थळासाठी चांगलं आणि डोळ्यांसाठी वाईट असू शकतं. आणि ऑपरेशन झालं तरी डोळ्याची लांबी तीच राहते, त्यामुळे जास्त मायनस नंबराबरोबर येणारा मागचा पडदा (रेटिना) सरकण्याचा धोकाही तसाच राहतो. लग्न ठरेल तिथे नंबर मोकळेपणाने सांगा. तारखेचा विचार मात्र एका कारणासाठी करावा लागेल: गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलू शकतो, तेव्हा हे ऑपरेशन करत नाहीत. पुढच्या वर्षी डॉक्टरांशी बोलताना हे आधी सांगा.

महिनाअखेरीची सवलत जाऊ द्या. अशी सवलत पुढच्या वर्षीही असेल, असं मी खात्रीने म्हणू शकतो.

वर्षाने डॉक्टरांनी होकार दिला, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: 92 हजारांत नंतरच्या किती भेटी आणि कोणती औषधं येतात, थोडा नंबर उरला किंवा परत आला तर दुसऱ्यांदा लेझर किती वर्षांपर्यंत विनामूल्य, आणि ऑपरेशन करणारे सर्जन नेमके कोण. ऑपरेशननंतर डोळ्यांतून पाणी, चुरचुर आणि प्रकाशाचा त्रास होतो, म्हणून हक्काच्या चार रजा शिल्लक ठेवा. बिनपगारी रजा पडली तर तिचे पैसेही खर्चात धरा.

ऑपरेशनआधीचे सगळे कागद, म्हणजे जुना नंबर, कॉर्नियाचे दोन्ही नकाशे आणि केलेल्या पद्धतीचा तपशील, विमा पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवा. साठीत मोतीबिंदू होईल, तेव्हा बसवायच्या भिंगाचा नंबर काढणं लेझर झालेल्या डोळ्यात अवघड जातं आणि त्या डॉक्टरांना हीच मापं हवी असतात. तोवर सेंटर असेल-नसेल. फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा: 'मोतीबिंदूच्या वेळी दाखवणे.'