हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा विझत नसेल तर गाडी चालवावी का?

आधी हँडब्रेक पूर्ण खाली गेला आहे का, हे पाहावे. पुष्कळदा कारण एवढेच असते. तरीही दिवा राहिला, तर गाडी सपाट जागी थांबवून बॉनेटखालील ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी तपासावी. ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरमधील (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर सरकतात आणि ती जागा भरण्यासाठी डबीतील ऑइल खाली उतरते. पातळी फार उतरली की हाच दिवा लागतो; म्हणूनच ती किमान खुणेच्या जवळ असताना दिवा सुरुवातीला केवळ वळणावर किंवा चढावर लुकलुकतो. अशा वेळी नुसते ऑइल ओतून दिवा विझवणे म्हणजे पॅडची झीज किंवा गळती झाकणे होय. भरायचेच असल्यास झाकणावर लिहिलेल्या डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचेच भरावे.

पेडल मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर गाडी टो करूनच न्यावी. धावत्या गाडीत असे झाल्यास पेडल भराभर दाबावे, गिअर क्रमाने उतरवावेत आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. एबीएसचा (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा एकटाच लागल्यास साधे ब्रेक सहसा चालतात, मात्र लाल आणि पिवळा दोन्ही एकत्र लागल्यास जोरात ब्रेक दाबताना मागची चाके आधी जाम होऊ शकतात.