सरासरी ठीक असूनही रांग का लागते?

प्रश्न : आमच्या रुग्णालयात केसपेपरची एकच खिडकी आहे. ताशी 12 रुग्ण येतात, प्रत्येकाला सरासरी 4 मिनिटे लागतात. म्हणजे तासातली 12 मिनिटे कारकून मोकळाच. तरी रांग दारापर्यंत का जाते?

कारण रुग्ण मोजून-मापून येत नाहीत. एसटी आली की सहा जण एकदम, मग दहा मिनिटे कोणी नाही. कोणाचे काम दोन मिनिटांत होते, कोणाचा जुना कागद सापडेपर्यंत नऊ जातात. मोकळी गेलेली मिनिटे गर्दीच्या वेळेसाठी राखून ठेवता येत नाहीत. येणे आणि लागणारा वेळ दोन्ही बेभरवशाचे धरले, तर तुमच्या आकड्यांवर रांगेतले थांबणे सरासरी 16 मिनिटे निघते. ताशी साडेतेरा रुग्ण येऊ लागले की तेच 36! कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी 1909 मध्ये रांगांच्या या गणिती शास्त्राचा पाया घातला. पण पुढे डॉक्टर, प्रयोगशाळा, औषधे असे टप्पे जोडले गेले, मध्ये जेवणाची सुटी आली, की हे आकडे काढायचे सूत्र अपुरे पडते. तिथे सिम्युलेशन लागते, म्हणजे संगणकात रुग्णालयाची नक्कल (मॉडेल) करून ती चालवून बघणे. दुसरी खिडकी फक्त 9 ते 11 उघडली तर काय होईल, हे माणूस नेमण्याआधी संगणकावर शेकडो सकाळी चालवून बघता येते.

प्रश्न : महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?

नाही. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातले सिम्युलेशनचे साधन सिमपाय फुकट आहे. अरेना किंवा एनीलॉजिक या तयार सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर हलते चित्र दिसते, संचालकांना पटवायला ते बरे. माझे मत विचाराल तर पैसे आधी नोंदी घेणाऱ्या माणसावर खर्च करा.

प्रश्न : नोंदी कोणत्या घ्यायच्या?

प्रत्येक रुग्णाच्या तीन वेळा: आला कधी, काम सुरू कधी, संपले कधी. संगणकात बहुतेकदा शेवटचीच सापडते. पहिली दारात उभे राहूनच मिळते. सोमवार चुकवू नका. रांग पाहून परत गेलेलेही लिहा, ते कोणत्याच रजिस्टरात नसतात.

प्रश्न : मॉडेलवर विश्वास कसा ठेवायचा?

आधी त्यात आजचीच व्यवस्था चालवा. समजा, रुग्णालयात ताशी 30 जण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी 40 मिनिटे आत राहत असेल, तर कोणत्याही वेळी आत सरासरी 20 जण असणार. येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ, असा जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला हा नियम आहे. प्रत्यक्षात 20 आणि मॉडेलमध्ये 35 दिसले, तर काहीतरी सुटले आहे. खिडकीवरच्या कारकुनाला शेजारी बसवा, तो चूक लवकर पकडेल. आकडे जुळेपर्यंत दुसऱ्या खिडकीचा प्रस्ताव पुढे पाठवू नका.